काजळीच्या तोंडचं रगत

त्या हिवाळ्यात माझ्या मायनं काकूच्या हातचं ताक घेणं बंद केलं, आणि आमच्याकडं काहीतरी बिघडलंय हे मला तिथूनच कळलं. मोठी माणसं लेकरांना काही सांगत नसतात. पण रोज सकाळी काकाच्या बिऱ्हाडातून जाळीवरून इकडं येणारी ताकाची लोटी यायची थांबली की लेकराला कळतंच ना. पहिल्या दिवशी माय म्हणाली, "पोट गच्च झालं व, राहू दे." दुसऱ्या दिवशीही पोट गच्च. मग काकूनंही विचारायचं सोडलं, आणि आम्ही कण्या नुसत्या मिठाच्या पाण्यात कालवून खायला लागलो. मला त्या अजूनही तशा आवडत नाहीत. सून म्हणते, आई, तुम्ही कण्या केल्या की दही शेजारून मागून आणता. आणते बाई. माझ्या घशाखाली कोरड्या कण्या उतरत नाहीत, त्याला माझा काय इलाज.

आम्ही धनगर. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन डोणगावच्या आजूबाजूच्या शेतांत उतरायचो. ज्याच्या शेतात मेंढरं बसली त्याला खत व्हायचं, आणि तो आम्हाला ज्वारी द्यायचा, कधी तुरीची डाळ. बिऱ्हाड म्हणजे काय, एक घोडं, दोन बाजा, चार भांडी, मायची लोकर कातायची टकळी, आणि बकऱ्यांच्या गळ्यातल्या घाट्यांचा तो आवाज, जो मला झोपेतही ऐकू यायचा. तो थांबला की मात्र जाग यायची. रात्री मेंढरं दोरीच्या जाळीच्या आत कोंडायची, तिला आम्ही वाघर म्हणतो. माझ्या बाची वाघर आणि त्याच्या धाकट्या भावाची, म्हणजे सखाराम काकाची वाघर, अशा दोन होत्या. पण दोघांनी मिळून मधली एकच बाजू ठेवलेली. खुंट्या एकाच, गाठी एकाच. जाळीच्या अलीकडून मी आणि पलीकडून काकाची सुभी, आम्ही निजल्या निजल्या एकमेकींची वेणी ओढायचो. चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, इकडं झाली की तिकडं जायची, तिकडची अंबाडीची भाजी इकडं यायची. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे नाकाला आधी कळायचं.

काजळी आमची कुत्री. अंगानं भुरी, पण डोळ्यांभोवती काळं असं की जणू कोणी बोटानं काजळ घातलंय. तिची माय लहानपणीच मेली, आणि बानं हिला एका नुकत्याच व्यालेल्या मेंढीच्या थानाला लावून वाढवली. तेव्हापासून तिला मेंढरांत आणि स्वतःत काही फरक वाटत नसावा. बाची एक सवय मात्र आमच्या सगळ्या भाऊबंदांना खटकायची. आमच्यात मेंढी व्यायला लागली की कुत्र्याला हाकलून देतात, दगड मारून देतात. रगताचा वास लागला की कुत्रं चटावतं, आणि चटावलेलं कुत्रं म्हणजे मेंढरांच्या वाड्यातला लांडगा, असं मानतात. बा मात्र काजळीला येऊ द्यायचा. ती हळूच यायची, मेंढीची कास हुंगायची आणि कोकराला जिभेनं असं साफ करायची की मेंढीला फारसं कामच उरायचं नाही. कोंडाजी आबा म्हणून आमच्या भावकीतले म्हातारे पंच होते. ते बाला एकदा म्हणाले होते, "लेका, हे तू कुत्रं नाई पाळून राह्यला, सुईण पाळून राह्यला. एक दिवस रडशीन." बा हसला आणि तंबाखू मळत बसला. बाचं हसणं असं होतं की त्यावर पुढं काही बोलता येत नसे.

मग कोकरं जायला लागली. पहिलं गेलं ते काकाचं. दुसरं आमचं. तेव्हा कोणी फार बोललं नाही, कोल्हा असेल म्हणाले. पण पुन्हा काकाचं गेलं, तेही नुकतं जन्मलेलं, आणि त्या दिवशी पहाटे काकानं काजळीला आपल्या वाघरीच्या कोपऱ्यातून निघताना पाहिलं. तिचं तोंड रगतानं भरलेलं होतं. काकाची एक मेंढी रात्रीतून व्याली होती, ती उभी राहून ओरडत होती, आणि कोकरू कुठंच नव्हतं. आमच्या वाघरीत त्या रात्री एकही मेंढी व्याली नव्हती, त्यामुळं बाला सांगायला काही उरलं नाही. काका काठी घेऊन आला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायलाच पाहिजे. तो आला, आमच्या चुलीपाशी उकिडवा बसला, आणि सावकाश म्हणाला, "दादा, तुह्या कुत्रीले चव लागली."

बानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मी तुह्यावर नाव ठेवून नाई राह्यलो. जनावर हाये. पण आता तिले ठेवता नाई येत."

आमच्यात रीत अशी की चटावलेल्या कुत्र्याला ज्याचं त्यानंच मारायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, म्हणजे वैर होत नाही. काका गेला, आणि मायनं भाकर तव्यावरच करपू दिली. ती बाला म्हणाली, आवाज दाबून, पण मी बाजेखालीच होते म्हणून मला ऐकू आलं, "अवो, कोल्ह्यानं नेलं तं लोकर राह्यते. लांडग्यानं नेलं तं ओढत नेल्याची खूण राह्यते. कुत्र्यानं खाल्लं तं खूर तरी राह्यते. खूर कोणतं कुत्रं खाते? मले सांगा, काऊन काहीच नाई राह्यलं?"

बानं तिच्याकडं पाहिलंच नाही. "चूप बस."

"मी काऊन चूप बसू? कुत्री मारा लागते तुमाले, अन् मी चूप बसू?"

"खूर नाई म्हटलं की मंग माणसाचं नाव घ्या लागते," बा म्हणाला. "कोणाचं घेशीन? घे पाहू."

माय उठली. तिनं करपलेली भाकर काजळीसमोर टाकली. मला त्या वेळी काही नीट कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ताक बंद झालं, म्हणजे मायनं मनातल्या मनात नाव घेतलं होतं.

संशय घरात आला की तो कसा राहतो हे मी तेव्हा पाहिलं. माय रात्री काजळीला बांधून दोरीचं टोक आपल्या पायाला गुंडाळायची. काकू पाणी भरायला निघाली की माय टकळी फिरवता फिरवता तिच्या पाठीकडं पाहायची, नेमकी किती भांडी आहेत, काही झाकून नेतेय का. काका बाजाराला गेला की माय म्हणायची, "आज काऊन गेला? बाजार तं उद्या हाये." कधी गावातला खाटीक सायकलवरून वाटेनं गेला तरी तिची टकळी थांबायची. आणि तिकडूनही तसंच होतं. सुभीनं मला एकदा विचारलं, "तुह्या बानं काजळीले रात्री मुद्दाम सोडलं होतं का व?" मी म्हणाले, "तुह्या बाले विचार ना." आम्ही दोघी हसलो नाही. त्या रात्री तिनं माझी वेणी ओढली नाही, मीही हात पुढं केला नाही. मी निजल्या निजल्या जाळीतून तिकडं पाहत राहायचे. काका उठून वाघरीत फिरतोय असं दिसलं की मी उठून बसायचे, आणि मग तो नुसता लघवीला उठलाय असं कळलं की मलाच लाज वाटायची. लाज वाटायची, पण पाहणं सुटायचं नाही.

कोंडाजी आबांनी बाला विचारलं, कधी मारतोस. तेव्हा बानं सगळ्यांच्या देखत एक गोष्ट मागितली. डोणगावला जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्या वर्षी ढोरांच्या डॉक्टरनं एक नवंच काढलं होतं, मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांची परीक्षा. बा म्हणाला, "मी काजळीले त्याच्यात उतरवतो. मेंढरं तुमची राहू द्या, माही एकही नको. हजार लोकाइच्या समोर तिनं मेंढराले दात लावला, तं तिथंच काम करून टाकतो. नाई लावला तं तिले कोणी नाव ठेवू नोका."

काका म्हणाला, "दिवसा चोर बी सरळ चालते, दादा."

"हाव," बा म्हणाला, "पण चालून तं पाहू."

आबांनी मान हलवली. मायनं मान हलवली नाही. तिला वाटत होतं, खुराची गोष्ट चारचौघांत बोलली असती तर कुत्री आजच सुटली असती. आणि बाला ती बोलायची नव्हती, काही झालं तरी बोलायची नव्हती. मी आता म्हातारी झाले तेव्हा कुठं मला हे कळतं. बा भावाला वाचवत होता, भाऊ दोषी आहे की नाही हे माहीत नसताना. आणि त्यासाठी त्यानं कुत्रीला मैदानात उभी केली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मला आठवतो तो भज्यांचा वास, गुळाच्या शेवेवर बसलेल्या माश्या, मोठमोठ्या शिंगांना हिंगूळ लावलेले बैल, आणि भोंग्यातून कोणीतरी सारखं खाकरत होतं ते. मैदानाच्या एका टोकाला लिंबाखाली मेंढरं धरलेली. मधे दोन झेंडे रोवलेले. दुसऱ्या टोकाला लाकडी बल्ल्यांचा कोंडवाडा, त्याचं फाटक उघडं. मालकानं कोंडवाड्यापाशीच उभं राहायचं, जागा सोडायची नाही, फक्त हाक मारायची नाहीतर शीळ घालायची. कुत्र्यानं जाऊन मेंढरं गोळा करायची, झेंड्यांमधून काढायची आणि कोंडवाड्यात घालायची. दात लावला की बाद. डॉक्टरसाहेब चांगला माणूस होता, प्रत्येकाला दोनदोनदा समजावून सांगायचा.

पण आमची कुत्री राखणीची, हाकायची नाहीत. त्यामुळं काय गंमत झाली म्हणता. सोनाळ्याकडचं एक दांडगं कुत्रं गेलं आणि मेंढरांभोवती उभं राहून त्यांना लोकांपासून राखायला लागलं, डॉक्टरलाही जवळ येऊ देईना. दुसरं एक निघालं ते सरळ भजेवाल्याकडं. तिसऱ्यानं मेंढरं चांगली आणली, आणि फाटकाशी एकीच्या मागच्या पायाला धरलं. बाद. लोक हसून हसून बेजार. एक जण ओरडला, "अरे, ह्या कुत्र्यापेक्षा माह्या सासऱ्याले सोडा बे, तो बरा हाकते." आमच्या बाजूला मात्र कोणी हसत नव्हतं. काका काठी घेऊन मैदानाच्या कडेला आखलेल्या रेघेजवळ उभा होता. आमच्यासाठी मेंढरं भावकीतून आणली होती, त्यात काकाच्या दोन होत्या. माय मला म्हणाली, "ते मधली पाह्य, तुह्या काकाची, काळ्या तोंडाची. तिचं पोट पाह्य." मी पाहिलं. मला काही विशेष दिसलं नाही. पहिल्या वेताची होती, पहिल्या वेताचं पोट लवकर कळत नाही.

बानं शीळ घातली आणि काजळी निघाली. ती पळाली नाही. ती मोठा वळसा घेऊन मेंढरांच्या मागं गेली, जशी रोज संध्याकाळी जायची, आणि नुसती चालत राहिली. मेंढरं तिच्या पुढं चालायला लागली. कोणी घाबरलं नाही, कोणी पांगलं नाही. झेंड्यांमधून अशी गेली की जणू तीच त्यांची रोजची वाट. लोक हळूहळू गप्प झाले. मघाचा तो ओरडणाराही गप्प. कोंडवाडा इतका जवळ आला की बानं हात वर केला, शेवटच्या हाकेसाठी.

आणि काळ्या तोंडाची ती मेंढी मागंच थांबली. पाय फाकवले, खाली बसली, पुन्हा उठली. मला तिच्या मागं काहीतरी लोंबताना दिसलं. काजळीनं मान वळवली. बाकीची मेंढरं फाटकाशी उभी, एक हाक मारली असती तर आत गेली असती आणि परीक्षा बाच्या पदरात पडली असती. मी मनात म्हणत होते, बा, हाक मार, तिला बोलाव, ती तिकडं गेली तर तिच्या तोंडाला रगत लागेल आणि मग संपलं. बाचा हात वरच होता. मग त्यानं तो खाली घेतला. हाक मारली नाही.

काजळी मेंढरं सोडून मागं गेली. मेंढरं पांगली, लोक "गेलं, गेलं" म्हणाले. काका काठी सरसावून रेघ ओलांडून निघाला, आणि माझी माय, जी दिराच्या समोर डोक्यावरचा पदर कधी सरकू देत नसे, ती त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली. तिनं त्याला हात लावला नाही, नुसती उभी राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "पाहू द्या. समद्याइले पाहू द्या."

"बाजूले व्हा, वहिनी."

"नाई होत."

कोकरू भुईवर पडलं. ओलं, पिवळं, रगतानं माखलेलं, आणि हालत नव्हतं. मेंढी पहिल्या वेताची, तिला काय करावं कळत नव्हतं, ती घाबरून दूर सरकली. काजळीनं तोंड खाली घातलं. एक बाई किंचाळली. डॉक्टरसाहेब धावले, तेव्हा बा पहिल्यांदा बोलला, "थांबा साहेब." आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं, काजळीनं कोकराच्या नाकावरचा पडदा जिभेनं ओढून काढला, मग तोंड, मग छाती, असं चाटत चाटत गेली. तिचं तोंड, मिशा, गळा, सगळं रगतानं लाल झालं, अगदी काकानं त्या पहाटे पाहिलं होतं तसं. कोकरू शिंकलं. डोकं हलवलं. बेंबे केलं, इतकं बारीक की मैदान गप्प नसतं तर ऐकू आलं नसतं. मग काजळी उठली, बाजूला जाऊन बसली, आणि त्या वेड्या मेंढीची वाट पाहत राहिली. मेंढी आली, हुंगलं, आणि मग तीही चाटायला लागली.

कोंडाजी आबांनी काठी भुईवर टेकवली. "कुत्री सुटली," ते म्हणाले. "ह्याच्यावर आता कोणी बोलू नोका."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षिसाचं घोंगडं मेहकरकडच्या कोणाला तरी मिळालं, आम्हाला त्याचं काही नव्हतं. मला वाटलं आता सगळं नीट होईल, उद्या ताक येईल. तेवढ्यात मागून तोच ओरडणारा माणूस, ज्याला आमची सगळी कथा आता कोणीतरी सांगितली असावी, हसत हसत म्हणाला, "अन् मंग ते कोकरं काय उडून गेले का बे?"

लोक हसले. आमच्यापैकी कोणी हसलं नाही. बा काकाकडं पाहत नव्हता, काका बाकडं पाहत नव्हता, काकू सुभीचा हात घट्ट धरून उभी होती. माय, जी इतके दिवस हाच प्रश्न गिळून बसली होती, तिनंही मान खाली घातली. मी त्या क्षणी सगळ्यांची तोंडं पाहिली आणि मला एक गोष्ट कळली, तेव्हा शब्दांत नाही, पण कळली. काजळीवर आळ होता तोवर वरवर तरी आम्ही सगळे एका बाजूला होतो. आता ती सुटली, आणि कोणी एकानं ते केलं होतं, आणि तो कोणी एक आमच्यातलाच असू शकत होता.

परत येताना माय घोड्याच्या मागं चालत होती. ती बाला म्हणाली, "ते गाभण मेंढी त्यानं मुद्दाम देली. पळापळीत कुत्री बिथरली पाह्यजे म्हून." बा म्हणाला, "त्याले मालूम नसन." माय म्हणाली, "मेंढरात जल्मला अन् त्याले मालूम नसन?" बा घोड्याला हाकत पुढं झाला. काकानं खरंच मुद्दाम दिली होती की नाही, मला आजही सांगता येत नाही. कोकरं कोणी नेली तेही कधी उघड झालं नाही. खाटीक असेल, शेतातला सालदार असेल, काका असेल. कधीकधी पहाटे जाग आली की एक फार वाईट विचार येतो, की बाच असेल तर. आमचं जे एक गेलं होतं, त्याबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नव्हता. मेलेल्या बापावर असा संशय घेणारी मी, आणि मायला नावं ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आला. चहा मागितला, मायनं केला, बशीत ओतून प्याला, आणि उठून जाळीपाशी गेला. मधल्या बाजूच्या गाठी त्यानं एकएक करून सोडल्या, हळूहळू, कापल्या नाहीत. खुंट्या उपटल्या, मोजून बाच्या वाट्याच्या बाला दिल्या. मग आपली वाघर त्यानं दूर नेऊन लावली, मधे बैलगाडी जाईल इतकी वाट ठेवून. बा स्वतः जाऊन त्याला खुंट्या ठोकू लागला. दोघं भाऊ मिळून काम करत होते, एक धरत होता, एक ठोकत होता. पुढच्या पावसाळ्यानंतर काका सोनाळ्याकडं उतरला आणि आम्ही डोणगावकडंच राहिलो. सुभी मला एकदा एका लग्नात भेटली, दोघींच्याही कडेवर लेकरं होती. आम्ही मेंढरांचं सोडून सगळं बोललो.

पण तो हिवाळा सरेपर्यंत दोन्ही वाघरी त्याच शेतात होत्या. मायनं आता काजळीला बांधायचं सोडलं होतं. रात्री मी जागी असले की ती दिसायची. ती आधी आमच्या जाळीभोवती फिरायची, मग ती मधली वाट ओलांडून काकाच्या जाळीभोवती फिरायची, आणि मग पुन्हा आमच्याकडं. काका तिला हाकलायचा नाही. वाडे आता दोन झालेत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.